परतीची गाडी कितीला? गाडी-घोडा नसताना सह्याद्री कसा हिंडावा

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही निसटत असेल तर तुम्हालाही कळेल. नोकरीसाठी लातूरहून डोंबिवलीला आलात. चारचाकी नाही, दुचाकीही नाही. सुट्टी रविवारची, कधीमधी शनिवारची. ट्रेकची वर्णनं वाचायला घेतली की ‘पायथ्यापर्यंत गाडी जाते’ यापुढे कोणी काही सांगत नाही, आणि पैसे घेऊन नेणाऱ्या ग्रुपबरोबर पन्नास जणांच्या रांगेत चालायची तुम्हाला हौस नाही. म्हणून लोकल आणि एसटीनं होणाऱ्या गडांची यादी हवी आहे. एकट्यानं गेलं तर चालेल का, आणि शेवटची गाडी चुकली तर काय, हे पुढचे दोन प्रश्न.

यादी देते. पण नुसती यादी खिशात घालून निघालेली माणसं संध्याकाळी फाट्यावर दगडावर बसलेली मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि एकदा त्या दगडावर मीही होते. मी कल्याणची. २८ वर्षं सह्याद्रीत हिंडते आहे आणि आमच्याकडे आजतागायत गाडी नाही. आधी परवडत नव्हती, नंतर तिच्यावाचून काही अडलं नाही. एवढ्या वर्षांत कळलं ते इतकंच, की ‘कसं जायचं’ हा प्रश्न दहा मिनिटांत सुटतो. ‘परत कसं यायचं’ त्याच्यावर अख्खा ट्रेक उभा असतो. तुम्ही विचारला आहे पहिला प्रश्न, अडणार आहात दुसऱ्याशी.

असं का होतं? खेड्यातली एसटी गावकऱ्यासाठी असते, आपल्यासाठी नाही. गावचा माणूस सकाळी तालुक्याला जातो. तहसील, दवाखाना, कॉलेज, बाजार. संध्याकाळी घरी परततो. म्हणून गाडी सकाळी गावातून भरून तालुक्याला येते आणि दिवेलागणीला तालुक्यातून भरून गावात जाते. आपण नेमके उलट्या दिशेचे. सकाळी तालुक्याकडून गावात, संध्याकाळी गावाकडून तालुक्याला. आपल्याला पाहिजे त्या वेळी गाडी सोडायची तर ती रिकामी धावेल, म्हणून ती बहुतेक वेळा नसतेच. संध्याकाळी सहा-सातला गावात आलेली गाडी मात्र पुष्कळ ठिकाणी तिथंच मुक्काम करते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर ग्रामपंचायतीच्या ओसरीवर पथारी टाकतात आणि पहाटे तीच गाडी घेऊन निघतात. तिला वस्तीची गाडी म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

दुसरी अडचण रविवारची. दुपारच्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या पोरांच्या पासावर चालतात. शाळा बंद, तर फेरी बंद. रविवार, दिवाळी, मे महिना, सगळं त्यात आलं. मी हे शिकले ते अशाच एका मे महिन्यात. गावाचं नाव राहू दे. पायथ्याला गाडी साडेतीनची, असं मला तिथल्याच एका माणसानं सांगितलं होतं, आणि तो खोटं बोलत नव्हता. मार्चमध्ये मी त्याच गाडीनं परत आले होते. आम्ही दोघी मैत्रिणी तीनला खाली उतरून पारावर बसलो. चार वाजले, साडेचार वाजले. शेवटी पाण्याचा हंडा घेऊन चाललेल्या एका मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं, शाळा सुटल्यात ना आता, गाडी कशाला येतीय?” नऊ किलोमीटर चालून डांबरी रस्त्याला लागलो, आणि तिथून दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मध्ये बसून तालुक्याला. चूक सर्वस्वी माझी. ‘गाडी कितीला आहे’ हे मी विचारलं होतं, ‘आज आहे का’ हे विचारलं नव्हतं.

तेव्हापासून विचारायची माझी पद्धत ठरून गेली आहे. आगारातल्या चौकशी खिडकीवर जी वेळ मिळते ती गाडी स्टँडवरून सुटायची असते. तुमच्या फाट्यावर ती कितीला येते हे खिडकीतल्या माणसाला सांगता येईलच असं नाही. म्हणून जाताना ज्या गाडीत बसलात तिच्याच कंडक्टरला विचारायचं: परत जाताना हीच गाडी का, या फाट्यावर साधारण कितीला, आज रविवार आहे तरी का. तिकीट फाडून झालं, गर्दी ओसरली की विचारा, चढता चढता नको. आणि उतरल्यावर फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर तोच प्रश्न पुन्हा. टपरीवाल्याचा गल्ला गाडीच्या वेळेवर चालतो, त्याच्यासारखं अचूक वेळापत्रक कोणाकडे नसतं. दोघांची उत्तरं वेगळी आली तर मी टपरीवाल्याचं मानते. इंटरनेटवरच्या वेळा मी फक्त एवढ्यासाठी बघते, की त्या मार्गावर गाडी आहे की नाही.

मग हिशेब उलटा मांडायचा. समजा शेवटची गाडी साडेपाचची. आपण तिला साडेचारचीच समजायचं, कारण ती कधी पंधरा मिनिटं आधी येते आणि तुमचा गुडघा कधी पाऊण तास उशीर करतो. उतरायला अडीच तास लागणार असतील, तर दोनला उतरायला सुरुवात झालीच पाहिजे. बालेकिल्ला समोर दिसत असला तरी. नवख्या माणसाला हेच सर्वांत जड जातं. वीस मिनिटांवर आलेला माथा सोडून मागं फिरायचं! मी तीन वेळा फिरले आहे आणि तिन्ही गड नंतर केले. गाडीवाल्याला हे बंधन नसतं, हे खरं. पण त्यालाच अंधारात उतरताना वाट चुकायची संधीही जास्त मिळते.

आत्तापर्यंतचं एवढं: वेळापत्रक आपल्या उलट चालतं, रविवारी ते आणखी विरळ होतं, आणि ट्रेक शेवटच्या गाडीपासून मागं मोजत आणायचा असतो. हे धरून चाललं, की कुठले डोंगर आपल्या सोयीचे ते आपोआप निवडले जातात.

सर्वांत आधी येतात ते स्टेशनातून उतरून थेट चालत गाठायचे डोंगर. लोकलला शाळेची सुट्टी नसते. तुम्ही डोंबिवलीचे, म्हणजे कल्याणहून फुटणाऱ्या दोन्ही फांद्या तुमच्याच. कर्जतच्या फांदीवर नेरळला उतरा आणि पेबचा किल्ला करा, ज्याला विकटगडही म्हणतात. माझ्या मते गाडी नसलेल्या मुंबईकराचा पहिला ट्रेक हाच असावा. नेरळ स्टेशनातून गावाबाहेर पडलं की डोंगरावर चढत गेलेले विजेचे मनोरे दिसतात, वाट त्यांच्या सोबतीनं वर जाते. रमतगमत तीन तासांत गड होतो. खरी मजा पुढं आहे. आल्या वाटेनं न उतरता शिड्या चढून माथेरानच्या छोट्या रेल्वेच्या रुळांवर यायचं, कड्यावरचा गणपती बघायचा आणि रुळांच्या कडेनं दस्तुरीपर्यंत चालत जायचं. दस्तुरीच्या पुढं माथेरानात मोटारींना बंदी, त्यामुळं टॅक्स्यांचा तळ तिथंच. सीट भरल्या की टॅक्सी नेरळला निघते. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज, म्हणजे दस्तुरीजवळच्या स्टेशनापर्यंतची ही छोटी गाडी बंद असते. एरवी मात्र ती रुळांवरून धावत असते हे विसरू नका, कानात गाणी कोंबून रुळांवरून चालू नका. शिड्या ओल्या असताना पहिल्यांदा जाणाऱ्यानं पेब टाळावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम.

कसाऱ्याच्या फांदीवर आसनगावला उतरलं की माहुलीचा किल्ला. पायथ्याचं गाव स्टेशनापासून पाचेक किलोमीटर, रिक्षा मिळते, पैसे वाचवायचे तर चालतही जाता येतं. चढ खडा आणि उन्हाचा, पाणी भरपूर न्या. त्याच फांदीच्या शेवटी कसारा, आणि तिथून कळसूबाई: १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. कसारा स्टेशनबाहेर घोटी-नाशिककडच्या जीपा उभ्या असतात. घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्यावर बारी हे पायथ्याचं गाव आहे. जीप भरली की निघते, हा तिचा एकमेव नियम. सकाळी घोटीकडं ती पटकन भरते. संध्याकाळी बारीहून परत येताना चार जण असाल आणि जीप आठांची असेल, तर उरलेल्या चार सीटचे पैसे देऊन मोकळं व्हायची तयारी ठेवा. घासाघीस करण्यात कसारा लोकल घालवलेले लोक मला माहीत आहेत.

पुण्याच्या बाजूला हेच काम लोणावळा लोकल करते. मळवलीला उतरलात की एका अंगाला कार्ल्याची लेणी, दुसऱ्या अंगाला भाज्याची लेणी आणि त्यांच्या वर लोहगड-विसापूर. दोन गडांच्या मध्ये गायमुख खिंड. सकाळी लवकर पोचलात तर दोन्ही गड एका दिवसात होतात. लोहगडाचे गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा एकामागून एक वळणावळणानं चढत जाताना दरवाजा कसा राखायचा हे पायांना समजतं. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेल्या आपल्या गडांत लोहगडही आहे, त्यामुळं रविवारी गर्दी गृहीत धरा. तुम्हाला डोंबिवलीहून मळवलीला थेट लोकल नाही. सकाळच्या इंद्रायणीसारख्या गाडीनं लोणावळा आणि तिथून पुण्याकडची लोकल धरून मळवली. या लोकल मधल्या दुपारी विरळ होतात, म्हणून उतरायची वेळ त्या बेतानं धरा. परतताना एक क्लृप्ती सांगते. रविवारी संध्याकाळी पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या गाड्यांच्या जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते. बऱ्याच गाड्या घाट उतरून कर्जतला थांबतात. तेवढा तासभर उभ्यानं काढा, कर्जतला उतरा आणि तिथून सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकीशी बसून घरी जा. मध्ये वडा खायला वेळ मिळतो तो वेगळाच. रविवारच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक तेवढं आदल्या दिवशी पेपरात बघून ठेवा.

लोकलनंतर हमरस्त्यावरचे फाटे. गाव आडबाजूला असेल तर दिवसाला दोन-तीन गाड्या. पण वाट मोठ्या रस्त्यालाच सुरू होत असेल, तर त्या रस्त्यानं जाणारी प्रत्येक साधी लाल गाडी तुमची. साधी असं मुद्दाम म्हटलं, कारण शिवशाहीला हात दाखवून उपयोग नसतो. पनवेलहून पेणकडं जाणाऱ्या एसटीनं कर्नाळा किल्ला होतो. पक्षी अभयारण्याचं फाटक गोव्याच्या रस्त्यालाच आहे. पहिल्या ट्रेकचीही धास्ती वाटत असेल तर इथून सुरुवात करा. आणि तुमच्या माझ्या दाराशी, कल्याणच्या स्टँडवरून माळशेज घाटात जाणाऱ्या गाड्या. या एकाच रस्त्यावर माझी निम्मी हयात गेली.

मुरबाड, टोकावडे सोडलं की वैशाखरे, आणि त्याच्या पुढं रस्त्यालाच नाणेघाटाची वाट. गाडीतून उतरायचं आणि चढायला लागायचं. दोन-अडीच तासांत घाटमाथ्यावर. वरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, बाहेर दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असं सांगतात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेनं जुन्नर आणि पुढं पैठणला जायचा. कल्याणच्या स्टँडवर जुन्नरची पाटी लावलेली गाडी दिसली की मला दर वेळी हसू येतं. मार्ग तोच, बैलांऐवजी टायर.

याच रस्त्यानं माळशेज चढून गेलं की खुबी फाटा. तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून पाचेक किलोमीटर चालत खिरेश्वर, मग तोलार खिंड आणि हरिश्चंद्रगड. एका दिवसात करायचा गड नव्हे. शनिवारी दुपारपर्यंत फाट्यावर पोचा, रात्री वर राहा, पहाटे कोकणकडा बघा, रविवारी दुपारी परत फाट्यावर या. फाट्यावर उभं राहायचंही तंत्र आहे. वळणाच्या तोंडाशी उभं राहिलात तर ड्रायव्हरला तुम्ही दिसेपर्यंत गाडी पुढं गेलेली असते. टपरीशेजारी, सरळ रस्त्यावर, सॅक पाठीवर घेऊन उभं राहा आणि हात लवकर दाखवा. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र माळशेजचा बेत करू नका. धबधब्यांखाली भिजायला आलेल्या मोटारींमध्ये एसटी तासन् तास अडकते, दरड आली तर रस्ताच बंद. पावसात मी शक्यतो रेल्वेचे डोंगर धरते. तेही बोरघाटात, कर्जत-लोणावळ्याच्या रेल्वेमार्गावर मंकी हिलजवळ दरड कोसळलेली नसेल तरच, हे आलंच. शिवाय पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही ठिकाणी बंदीचे आदेश काढतात. निघायच्या आदल्या दिवशी तेवढं बघून घ्या, पायथ्याशी पोलिसांनी परत पाठवलं तर अख्खा रविवार जातो.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येते. गाडी नसणं ही अडचण आहे असं तुम्हाला वाटतंय. घाटवाटांच्या बाबतीत नेमकं उलट आहे. गाडीवाल्याला जिथं गाडी लावली तिथंच परत यावं लागतं. आपल्याला नाही. कोकणातून चढा, देशावर उतरा. एका स्टँडवर गाडी सोडा, दुसऱ्याच स्टँडवर गाडी धरा. सह्याद्रीतल्या जुन्या वाटा मुळात अशाच आहेत, एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाण्यासाठी.

यातली सर्वांत सोपी म्हणजे लोणावळा–राजमाची–कर्जत. लोणावळा स्टेशनातून तुंगार्लीच्या बाजूनं निघालं की पंधराएक किलोमीटरची, फारसा चढ नसलेली वाट राजमाचीच्या उधेवाडीत जाते. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. गावात घरगुती जेवण मिळतं. दुसऱ्या दिवशी कोंडाणे लेण्यांवरून खाली कोंदिवड्याला उतरायचं आणि टमटम धरून कर्जत स्टेशन. एका रेल्वे स्टेशनातून निघून दुसऱ्या रेल्वे स्टेशनात! एसटीचा प्रश्नच नाही. गाडीवाले मित्र राजमाचीला जीपच्या रस्त्यानं धक्के खात जातात आणि त्याच रस्त्यानं धक्के खात परत येतात, लेणी त्यांना दिसतच नाहीत.

नंतरची, जरा कसाची, खांडस–भीमाशंकर. कर्जतहून कशेळेमार्गे खांडसला एसटी आहे, टप्प्याटप्प्यानं टमटमही आहेत. खांडसहून वर जायच्या वाटा दोन. शिडी घाट जवळचा पण उघड्या कड्याचा, लोखंडी शिड्यांचा. पावसात तिथं अपघात झाले आहेत, नवख्यांना मी तिथून नेत नाही. गणेश घाट लांबचा, पण रुंद आणि भरवशाचा. पाच-सहा तास धरा. दोन्ही वाटा मधल्या पठारावर एकत्र येतात, आणि शेवटचा चढ दाट झाडीतून आहे. सकाळी शांतपणे गेलात तर शेकरू दिसण्याची शक्यता चांगली. वर भीमाशंकरला ज्योतिर्लिंगाचं ठिकाण असल्यामुळं पुण्याच्या एसट्या वर्षभर असतात, श्रावणात आणि महाशिवरात्रीला जादा गाड्या सोडतात. म्हणजे परतीची चिंता देवावर. पुण्याला पोचायला चार तास आणि पुढं रेल्वे, तेव्हा एका दिवसात केलंत तर घरी मध्यरात्र होईल. वर मुक्काम करा. हीच वाट उलटी, भीमाशंकरहून खांडसला उतरत केली, तर पंचाईत. दुपारी तीन-चारला आडगावात उतरणार आणि तिथून बाहेर पडायला वाहन शोधणार. घाटवाटेचा माझा नियम हाच: ज्या टोकाला गाड्या कमी तिथून सकाळी सुरुवात, ज्या टोकाला गाड्या जास्त तिथं संध्याकाळी शेवट. नाणेघाटही असाच करता येतो. वैशाखऱ्याहून चढून, घाटघरवरून जुन्नर. पण घाटघर ते जुन्नर वाहन मिळेलच याची मी खात्री देत नाही. तसं दिसलं तर आल्या वाटेनं हमरस्त्याला उतरलेलं बरं.

आणि आता ती वस्तीची गाडी. आडगावचा गड करायचा असेल तर तिच्याइतकी सोयीची दुसरी गाडी नाही. शनिवारी संध्याकाळी तालुक्याच्या स्टँडवरून गावकऱ्यांबरोबर तिच्यात बसायचं. पिशव्या, खताची पोती, माहेराहून परतणाऱ्या लेकुरवाळ्या. गावात पोचेपर्यंत तुम्ही कोण, कुठले, कशाला आलात हे सगळ्या गाडीला माहीत झालेलं असतं आणि रात्री कुठं टेकायचं तेही ठरलेलं असतं. अकोले तालुक्यातल्या एका गावी मी अशी इतक्या वेळा गेले आहे, की तिथले एक आजोबा मला बघून “कल्याणची गाडी आली” म्हणायचे. देवळात झोपा, पहाटे उजाडताना चढायला लागा, अकरा-बाराला खाली. दुपारच्या फेरीनं परत. उन्हाच्या आत गड, आणि पाठीमागं शेवटच्या गाडीचा धाक नाही. दुपारची फेरी रविवारी असते का, हे मात्र त्या कंडक्टरला रात्रीच विचारून ठेवा. तोही तिथंच मुक्कामाला असतो, गप्पांना वेळ भरपूर असतो.

शक्य असेल तर त्या तालुक्याचा आठवडी बाजार कधी आहे तेही विचारा. बाजाराच्या दिवशी एरवी न दिसणाऱ्या जीपा कुठून कुठून उगवतात.

बाकी भागांबद्दल भराभर सांगते. पुण्यात बदली झाली तर सिंहगडाच्या पायथ्याला पीएमपीची बस आहे. वेल्ह्याला एसटीनं गेलं की तोरणा समोरच. राजगडाला, गुंजवणे या पायथ्याच्या गावात नेणारं वाहन मिळालं तर चोरदरवाजानं चढा, नाही तर नसरापूर किंवा मार्गासनीपासून जीपची वाट पाहा. साताऱ्यात एसटी स्टँडवरून नजर वर केली की अजिंक्यतारा, आणि सज्जनगडाला नियमित गाड्या. नाशिकहून त्र्यंबकच्या गाड्यांना तोटा नाही, अंजनेरीसाठी फाट्यावर उतरा, ब्रह्मगिरीसाठी शेवटपर्यंत जा. महाडहून पाचाड, तिथून रायगड. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळं तुमच्याबरोबर बहीण, बायको, मैत्रीण येणार असेल तर खर्चाची बाजू आणखी हलकी.

एकट्यानं जावं का? कुठं आणि कधी, यावर आहे. रविवारचा लोहगड किंवा कर्नाळा एकट्यानं करायला हरकत नाही, तिथं एकटं राहायचं म्हटलं तरी जमणार नाही. माहुली, पेब दोघांनी. घाटवाट मात्र त्या वाटेनं आधी गेलेलं कोणी बरोबर असल्याशिवाय नको. नसेल तर गावातून वाटाड्या घ्या आणि त्याचे पैसे आधी ठरवून, हसत द्या. फाटा फुटला की कुठली वाट गुरांची आणि कुठली माणसांची हे फोनवरच्या नकाशाला कळत नाही. सार्वजनिक वाहनानं जायला दोन ते चार जण हा आकडा मला सर्वांत सोयीचा वाटतो. एवढे लोक कुठल्याही जीपमध्ये मावतात आणि कुठल्याही ओसरीवर झोपतात. बारा जण झालात की गाडीच ठरवावी लागते.

आता शेवटचा प्रश्न. शेवटची गाडी चुकली तर.

चुकेल, कधी ना कधी. उजेड असेल तोवर मोठ्या रस्त्याकडं चालायला लागा, वाटेत येणाऱ्या प्रत्येक वाहनाला हात दाखवा. संध्याकाळच्या दुधाच्या गाड्या सहसा थांबतात. पण अंधार पडायला आला असेल आणि डांबर सात-आठ किलोमीटर दूर असेल, तर पायपीट करू नका, गावातच थांबा. सॅकमध्ये एक शाल, टॉर्च आणि एका वेळचं खाणं याचसाठी कायम असू द्या. पोलीस पाटलांचं किंवा सरपंचांचं घर विचारा, मी अमुक, गाडी चुकली, देवळात रात्र काढू का, एवढं सरळ सांगा. मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. भाकरी पुढं आली तर खा, पैसे घेणार नाहीत, तर घरातल्या पोराच्या हातात वहीला म्हणून ठेवा. घरी आणि ऑफिसात फोन करा. रेंज बहुधा शाळेच्या मागच्या टेकाडावर मिळते, तेही पोरांनाच विचारा.

आणि वस्तीची गाडी गावात आली असेल तर प्रश्न मिटला. ती पहाटे निघते, थेट तालुक्याला. फक्त तिच्या आधी उठा. रात्री देवळात कंडक्टर तुमच्याच शेजारी झोपलेला असला, तरी पहाटे तो तुम्हाला उठवेल या भरवशावर राहू नका. मी राहिले होते.